बिअरची परीक्षा द्यायची तर

मी लोअर परळला बिअरच्या टॅपवर काम करते. नवख्यांना सांगते, सिसरोन म्हणजे बिअरच्या जाणकारांना प्रमाणपत्र देणारा परीक्षाक्रम; त्याच्या पहिल्या पायरीपासून, सर्टिफाइड बिअर सर्व्हरपासून सुरुवात करा. परीक्षा ऑनलाइन, ६० प्रश्न, ३० मिनिटं, पास व्हायला ७५ टक्के.

पाठांतर जमतं, खरी मेहनत ग्लासावर घ्या. धुतलेल्या ग्लासात बिअर ओता. आतून काचेला बुडबुडे चिकटून राहिले, तर कुठेतरी तेलकटपणा उरलाय, परत घासा.

मग बिअरमधले दोष ओळखायला नाक तयार करा. लोण्यासारखा वास आला तर डायअसिटिल, म्हणजे आंबवताना तयार होणारं एक रसायन; उकडलेल्या मक्यासारखा आला तर डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड हे गंधकाचं रसायन. हिरव्या बाटलीतली बिअर मुद्दाम उन्हात ठेवून हुंगा. तो उग्र दर्प पुन्हा चुकत नाही. दुसऱ्या पायरीला चव ओळखायचीही परीक्षा असते. आणि हो, महाराष्ट्रात बिअर प्यायला वय २१ पूर्ण हवं.