नागपूर ॲग्रीला नंबर लागला? मग आधी महाराजबागेत जाऊन या

राजेहो, यंदा नागपूरच्या कृषी महाविद्यालयात ॲडमिशन झाली असेल तर रूम, मेस हे सगळं होतच राहते, पहिल्या आठवड्यात महाराजबागेत एक चक्कर टाका. गावाकडून आलेल्या पोट्ट्यांना कोणी सांगतच नाही की ते झू आपलंच आहे. महापालिकेचं नाही, वनविभागाचं नाही, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आहे आणि कारभार आपल्याच कॉलेजातून चालतो. मुळात ही भोसल्यांची बाग, प्राणी आले १८९४ मध्ये, आणि विद्यापीठ १९६९ चं, म्हणजे झू विद्यापीठाहून पंच्याहत्तर वर्षांनी मोठं.

मी सिंदेवाहीकडचा, धानपट्ट्यातला. आमच्याकडे वाघ म्हणजे धाकच, मोहफुलं वेचायला बाया पहाटे घोळक्यानंच निघतात, धानाच्या जागलीला एकटा कोणी जात नाही. २०१३ ला ॲडमिशन झाल्यावर मायले फोनवर सांगितलं की कॉलेजजवळ वाघ हाये, तर ती म्हणे, "तिथं बी वाघच काऊन रे बापू?"

तेव्हा तिथे साहेबराव नावाचा वाघ होता. तोही आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचाच. २०१२ मध्ये पळसगावच्या जंगलात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात त्याचा पुढचा पाय सापडला, जीव वाचला पण पंजाची बोटं काढावी लागली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पिंजऱ्यात येरझारा घालत होता, तीन पाय भक्कम पडायचे आणि चौथा जमिनीला लागला न लागला की लगेच वर, वळताना तर तो पाय पूर्ण उचलून धरायचा. मी तिथे किती वेळ उभा होतो आठवत नाही. लहानपणापासून ज्याची भीती वाटत आली त्याला इतकं दुखत असेल हे डोक्यातच कधी आलं नव्हतं. आपल्याकडे कॉलेजचा मॅस्कॉट वगैरे कोणी जाहीर करत नाही, पण आमच्या रूमवरच्या चौघांसाठी तो साहेबरावच होता, परीक्षेच्या आधी आम्ही त्याला पाहून यायचो. पुढे तो नागपूरच्याच गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात गेला, २०२० मध्ये तिथे त्याला कृत्रिम पंजा बसवायचा प्रयत्न झाला पण त्यानं तो काढून टाकला.

आता कामाचं. गर्दीच्या दिवशी जाऊ नका, सकाळी जा, आणि पिंजऱ्यापुढे सेल्फी काढण्यापेक्षा किपर काका मोकळे असतील तेव्हा त्यांच्याशी बोला. कोणता प्राणी कधी खात नाही, आजारी पडला तर आधी काय बदलते, हे त्यांना पाहून पाहून पाठ असते आणि आपल्या पुस्तकात ते येत नाही. वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर बी.एस्सी. ॲग्रीनं होत नाही, त्यासाठी नीट देऊन व्हेटर्नरीला जावं लागते, हे बारावीतल्या भावा-बहिणीला आत्ताच सांगून ठेवा. पण वनसेवेची दारं ॲग्रीवाल्यांना उघडी आहेत, एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा दोन्ही देता येतात. अन् आपल्या भागात साधा सहायक कृषी अधिकारी (आधी कृषी सहायक म्हणत) झालात तरी वाघ-रानडुकराचा प्रश्न रोज समोर येणारच.

मी तेच काम करतो. वाघाच्या हल्ल्यात गाय मेली की माणूस रागात असते, तेव्हा कायदा सांगून काही होत नाही. आधी वनविभागाला कळवा, पंचनामा होईस्तोवर जनावर हलवू नका, भरपाई मिळते, एवढं सांगतो. आणि कुंपणात करंट सोडायची गोष्ट निघाली की साहेबरावच्या पायाचं सांगतो. मागच्या खरिपात एक म्हातारेबाबा सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसले. त्यांची गोऱ्ही दोनच दिवसांआधी वाघानं नेली होती. मग हळूच विचारलं, "पाऊस आला का त्याचा पाय ठणकत असन ना?"