एमबीए सीईटीचा स्कोअर एकाच जागी अडकलाय? हे करून बघा

आपल्या एमएएच एमबीए सीईटीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेश परीक्षेत, २०० प्रश्न, वेळ १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही लोक प्रश्न कोरे सोडून येतात, कमाल आहे!

माझाही स्कोअर ९० च्या आसपास अडकला होता, रोज एक मॉक (सराव परीक्षा) द्यायचो, मार्क बघायचो, तोंड पाडून झोपायचो. मग मॉक आठवड्याला दोनच केले आणि उरलेला वेळ चुकांच्या वहीला दिला. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं, येतच नव्हतं की घाई केली की वेळ खाल्ला. वहीत सापडलं काय, तर गोल टेबलाभोवती कोण कुठे बसलंय, अशा प्रश्नांच्या सेटमध्ये बाहेर तोंड करून बसलेल्यांचं डावं-उजवं मी दरवेळी उलटं धरत होतो! एक चूक आणि अख्खा सेट गेला. तेव्हापासून आकृतीत आधी बाण काढतो.

लॉजिकल, म्हणजे असे तर्काचे प्रश्न, एकटं ७५ मार्कांचं आहे, त्यामुळे जोर तिथेच लावा. क्वांटसाठी, म्हणजे गणितासाठी, अपूर्णांक पाठ पाहिजेत, ३७.५ टक्के म्हणजे ३/८, मग ६४० चे २४० तोंडीच निघतात, पेन कशाला उचलायचा.

दीड मिनिटात सेट हलला नाही तर सरळ पुढे जा, इगो घरी ठेवा. आणि शेवटची ३-४ मिनिटं फक्त राहिलेले प्रश्न ठोकायला, डोळे झाकून एकच ऑप्शन टाकत सुटायचं.