संगणक कधीच कुरकुरत नाही: स्वतःच शिकून स्कोअर लिहिताय? या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा आमच्याकडे स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना) घेऊन आला. पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचे वेगळे कागद, स्टँडवर लागले, वाजवायला सुरुवात झाली आणि चौदाव्या बारला (मात्रांच्या खणाला) दुसऱ्या व्हायोलिनवाल्या काकांनी गज उचलून धरला. कागदावर खालचा जी आणि त्याच्या वरचा बी, दोन्ही एकाच वेळी. व्हायोलिनवर हे दोन्ही स्वर फक्त सर्वांत जाड तारेवर मिळतात, आणि एका तारेतून एका वेळी एकच स्वर निघतो. काका काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. स्वरलिपी लिहून वाजवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा हवाला देत मुलगा म्हणाला, "पण म्यूझस्कोअरमध्ये वाजतंय ना!"

मी व्हायोला वाजवतो. यूट्यूबवरून स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेल्या मुलामुलींचे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेले कागद, माझ्याकडे बऱ्यापैकी येतात. त्यांच्या कल्पना पुष्कळदा झकास असतात, घोळ इतरत्र असतो.

सगळ्यात मोठा घोळ प्लेबॅकवर भरवसा ठेवण्याचा. वाद्याच्या पल्ल्याबाहेरचा स्वर सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं, पण बाकीचं निमूट वाजवतं. बासरीचे खालचे स्वर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गर्दीतही स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतात. हॉलमध्ये ते कुणालाच ऐकू येत नाहीत. ओबोवाल्याला श्वास घ्यायला जागा नसते. हार्पला सात पेडल असतात आणि स्वर कोमल-तीव्र करायला ती पायाने बदलावी लागतात, हे तर कुणाच्या गावीही नसतं. यावर उपाय स्वस्त आहे. पूर्ण रचना लिहून होण्याआधी, एक पानभर झालं की ते वाद्य वाजवणाऱ्या माणसासमोर ठेवा. तो तोंड वाकडं करेल तिथे पेन्सिलने खूण करा.

दुसरी तक्रार पार्टची. स्कोअरवर सहा महिने घालवायचे आणि पार्ट रिहर्सलच्या आदल्या रात्री काढायचे! रिहर्सलमध्ये क्लॅरिनेट सगळीकडे एक स्वर खाली ऐकू येत असेल तर वादकावर डाफरू नका. बी फ्लॅट क्लॅरिनेटला हवा तो स्वर ऐकू यायला एक स्वर वर लिहावा लागतो. तुम्ही 'कॉन्सर्ट पिच' (सगळ्या वाद्यांचे स्वर ऐकू येतात तसेच दाखवणारी सोय) चालू ठेवूनच छापलंय. हॉर्न पंचमाने खाली ऐकू येत असेल तर कारण तेच. पान उलटायची जागा पाहून घ्या, कारण दोन्ही हात वाद्यात अडकलेले असतात. चाळीस बार गप्प बसवून मग कुणाला एकट्याने वाजवायला लावणार असाल, तर त्याआधी शेजारच्या वाद्याच्या दोन ओळी बारीक अक्षरात छापा, म्हणजे बिचाऱ्याला मोजत बसावं लागणार नाही.

आता जरा वेगळी चूक. 'स्वतः शिकलो' म्हणजे कुणाकडे जायचंच नाही, असा एक ताठा असतो. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सू हे नाव अशा वेळी हमखास पुढे केलं जातं. त्याचं खरं काय झालं ते बघा. महायुद्धानंतरचं जपान, तब्येत तोळामासा, अमेरिकन सैन्याच्या रेडिओवर जे लागेल ते ऐकत तो शिकला. घरी पियानो नव्हता. रस्त्याने जाताना कुठल्या घरातून पियानो ऐकू आला की दार वाजवून 'जरा वाजवू का' म्हणून विचारायचा. पण 1948 पासून काही काळ तो संगीतकार यासुजी कियोसे यांच्याकडे शिकायला जात होताच. 1950 मध्ये त्याची पहिली रचना सादर झाली तेव्हा एका समीक्षकाने 'हे संगीताच्या आधीचं काहीतरी' अशा शब्दांत वासलात लावली. पुढच्याच वर्षी चित्रकार, कवी, वादक अशा मित्रांबरोबर त्याने 'जिक्केन कोबो' हा गट उभा केला. 1957 चं त्याचं 'रेक्विएम' दोन वर्षांनी जपानला आलेल्या नामवंत संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या कानावर पडलं, तेही चुकून, आणि दिवस पालटले. चूक नशिबाने झाली खरी, पण ऐकवायला ध्वनिमुद्रण तयार होतं. तुमच्याकडे आहे का? फोनवरचं चालेल, पण माणसांनी वाजवलेलं हवं.

पहिल्याच फटक्यात सिम्फनी लिहायला बसू नका. इंग्लिश संगीतकार एल्गारही कुठल्या संगीत महाविद्यालयात गेला नव्हता. वडिलांचं वूस्टरमध्ये वाद्यांचं दुकान होतं. 1879 पासून पाच वर्षं तो पॉविकच्या मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा बँड सांभाळत होता. बासरी, क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम, थोडी व्हायोलिनं, पियानो, अशी जमेल ती मोट बांधलेली, आणि तिच्यासाठी तो पोल्का नि क्वाड्रिल अशा नाचाच्या चाली लिहायचा. 'एनिग्मा' या वाद्यवृंदाच्या रचनेने नाव झालं तेव्हा तो 42 वर्षांचा होता. तुमच्या ओळखीत दोन व्हायोलिन, एक कीबोर्ड आणि चर्चमध्ये गाणारी मावशी असेल, तर त्यांच्यासाठी लिहा.

उलट टोकाची चूक म्हणजे तिशीत नोकरी सोडून 'आता पायापासून' हार्मनी (स्वरमेळाचं शास्त्र) शिकत बसणं. संगीतकार झेनाकिस मूळचा इंजिनिअर होता, वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम करायचा. संगीतकार आणि शिक्षक मेसियाँने त्याला सांगितलं की आता हार्मनी-काउंटरपॉइंटच्या (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींच्या शास्त्राच्या) मागे लागू नकोस. ग्रीक आहेस, गणित येतं, तेच संगीतात वापर. आमच्या इंजिनिअर पोरांना हे सांगितलं की खुलतात. (सल्ला सगळ्यांना नाही. मेसियाँ माणूस पारखून बोलला होता.)

मराठी कविता घेऊन गाणं रचणार असाल तर आधी तारखा बघा. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, तोही पुढच्या जानेवारीपासून मोजायचा. केशवसुत, बालकवी मोकळे आहेत. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता 2017 पासून मोकळ्या झाल्या. कुसुमाग्रजांच्या कवितेला 2059 संपेपर्यंत परवानगी लागेल. ती रचना पूर्ण झाल्यावर मागू नका. नकार आला की वर्षभराची मेहनत कपाटात जाते.

स्पर्धांचं थोडक्यात: वयाची अट आणि प्रवेश फी आधी वाचा, नंतर बक्षिसाची रक्कम.

त्या क्वार्टेटमधला बी शेवटी व्हायोलाला दिला. चौदाव्या बारमध्ये मला विश्रांती होती, ती गेली.