पोपडे धरलेले भित्तिचित्र आम्ही कसे वाचवले

आमच्या वस्तीतील शाळेच्या कुंपणभिंतीवर आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी मे महिन्यात रंगवलेल्या चित्राचे दिवाळीपर्यंत पोपडे सुटू लागले, तेव्हा दोष रंगाच्या दर्जाचा असावा, असेच मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आम्ही जुन्या चुन्याच्या थरावरच रंग चढवला होता आणि तो भुकटीसारखा थर रंगासकट सुटत होता. पायथ्याशी तर ओल चढून पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर येणारे क्षार) फुलला होता.

पावसाळ्यानंतर भिंत पुरती वाळू दिली, चुना खरवडून काढला, लोणा कोरड्या ब्रशाने झाडला (पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात) आणि बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर लावून वर ॲक्रिलिक रंग वापरला. खरवडण्याचे काम मुलांना दिले नाही, कारण भिंतीवर कुठे जुना तैलरंग असेल, तर त्यात शिसे असू शकते. पायथ्याची दीड फूट पट्टी मात्र मुद्दाम चित्राविना सोडली. ओल मुळापासून थांबवणे आमच्या खर्चात बसणारे नव्हते.

खरी अडचण वेगळीच निघाली. पहिल्या वेळी मोठ्या मुलांनी सारी भिंत बळकावली होती. या वेळी लहानांची कागदावरची चित्रे चौकटी आखून भिंतीवर मोठी केली आणि मोठ्यांना केवळ बाह्यरेषा दिल्या. मोठ्यांपैकी दोघे रुसले, पण तिसऱ्या दिवशी न बोलावता शिडी धरायला आले.