मराठी लेखाचं फ्रंट मॅटर बिघडलं तर काय तपासावं

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी करायच्या पद्धतीत, लिहिलेल्या लेखाच्या डोक्यावर, तीन डॅशच्या दोन ओळींच्या मध्ये, शीर्षक, तारीख, लेखक, टॅग अशी माहिती असते. तिला फ्रंट मॅटर म्हणतात. आम्ही नुसतं हेडर म्हणतो. ठाण्यातल्या तलावांवर लिहिणारा आमचा सात-आठ जणांचा गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात एकाच्या घरी बसून आम्ही आठवड्याचे लेख साइटवर चढवतो. "ताई, लेख दिसतच नाहीये" हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलं आहे की आता तपासणीचा क्रम पाठ झालाय. तोच इथे देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. "शीर्षक मराठीत आहे ना, म्हणून अडतंय, इंग्रजीत टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. हेडर ज्या भाषेत लिहितात ती यॅमल, आणि यॅमलला देवनागरी व्यवस्थित कळते. अडतं ते कळफलक, अवतरणचिन्हं आणि आकडे यांच्यापाशी. एवढं दुरुस्त केलं की मराठी शीर्षक मराठीतच राहतं.

एकच फाईल एका टूलमध्ये चालते आणि दुसऱ्यात का नाही, याचं कारण इतिहासात आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा त्यात हेडर नव्हताच. २००८ मध्ये अशा फाईलींपासून साइट बनवणारं जेकिल हे टूल आलं आणि लेखाच्या वर यॅमल लिहायची पद्धत रुळली. पुढे ह्यूगो (हेही साइट बनवणारं), पॅनडॉक (फाईलींचं रूप बदलणारं), ऑब्सिडियन (टिपणं ठेवायचं) यांनी ती आपापल्या परीने उचलली. त्यामुळे खालचे नियम बहुतेक सगळीकडे लागू पडतात, पण बारीकसारीक फरक राहतात.

निरोगी हेडर असा असतो:

---
टायटल: "मासुंदा तलाव: सकाळचा फेरा"
डेट: 2025-08-05
टॅग्ज: ["ठाणे", "तलाव"]
ड्राफ्ट: फॉल्स
---

कोलनच्या डावीकडचे शब्द आणि शेवटचं 'फॉल्स' प्रत्यक्ष फाईलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे असतात. इथे मी फक्त त्यांचे उच्चार दिलेत. ड्राफ्ट म्हणजे अजून प्रकाशित न करायचा मसुदा; 'फॉल्स' म्हणजे हा लेख मसुदा नाही.

पहिली पायरी: बिघाड कसा दिसतोय ते पाहा

घाईने फाईलला हात लावू नका. आधी पान उघडून पाहा.

पानाच्या वर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तुमचं शीर्षक, तारीख, टॅग सगळं ठळक मोठ्या अक्षरांत एकत्र दिसतंय? मग टूलला हेडर ओळखताच आलेला नाही. मार्कडाउनमध्ये सुट्या तीन डॅशची ओळ म्हणजे आडवी रेघ, आणि मजकुराच्या लगेच खाली डॅशची ओळ आली तर वरचा मजकूर उपशीर्षक होतो. टूलने तुमचा हेडर साधा मजकूर समजून तसाच मांडला. दोष सीमेवरच्या ओळींत आहे.

बिल्ड, म्हणजे फाईलींपासून साइट तयार करण्याचं काम, मध्येच थांबून लाल अक्षरांत संदेश आला, तर सीमा ठीक आहे आणि आतलं व्याकरण चुकलंय. संदेश नाही, पण लेखही नाही, तर तारीख किंवा ड्राफ्टची ओळ तपासायची. लेख दिसतोय, पण शीर्षक अर्धवट किंवा टॅग तुटलेले, तर मूल्य भलत्या प्रकारे वाचलं गेलंय. या चारपैकी आपलं दुखणं कोणतं ते ठरलं की अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: सीमा

फाईलची अगदी पहिली ओळ तीन डॅशची हवी. तिच्यावर रिकामी ओळ नको, डॅशच्या आधी स्पेस नको. फोनवर लिहिलं असेल तर स्मार्ट पंक्चुएशनची सोय जोडडॅशची एक लांब रेघ करून टाकते. ती पुसून तीन डॅश पुन्हा टाइप करा. शेवटची ओळही तशीच बघा. पॅनडॉकला शेवटी तीन टिंबं चालतात, पण सवय डॅशचीच ठेवलेली बरी. ह्यूगोमध्ये तीन अधिक चिन्हांमधला हेडर टॉमल या वेगळ्या भाषेतला असतो आणि त्यात कोलनऐवजी बरोबरचं चिन्ह लागतं. कुठून तरी उचललेला नमुना वापरताना या दोन्हींची भेसळ होते.

हे सगळं नीट असूनही हेडर ओळखला जात नसेल, तर न दिसणाऱ्या चिन्हाचा संशय घ्या. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षक काकांनी उपवन तलावावर लेख लिहिला होता. पहिली ओळ डोळ्यांना निर्दोष होती. मी डॅश पुसून पुन्हा टाइप केले, तरी तेच. काका म्हणाले, "अगं, माझ्या जुन्या संगणकावर नोटपॅडमध्येच लिहिलंय, दुसरं काही केलं नाही." तिथेच उत्तर होतं. फाईल व्हीएस कोड या लिहायच्या ॲपमध्ये उघडली, तर उजव्या कोपऱ्यात खाली 'यूटीएफ-८ विथ बीओएम' असं दिसलं. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत, आणि बीओएम म्हणजे फाईलच्या सुरुवातीला बसलेले तीन अदृश्य बाइट. डॅश पुसले तरी ते जागच्या जागी राहतात, आणि मग टूलच्या लेखी पहिलं चिन्ह डॅश नसतंच. त्याच कोपऱ्यातल्या अक्षरांवर क्लिक करून 'सेव्ह विथ एन्कोडिंग' निवडलं, त्यातून साधं यूटीएफ-८ घेतलं आणि लेख लागला. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाईल बीओएमशिवाय साठवतं, म्हणून ही अडचण जुन्या संगणकांवर जास्त भेटते.

तिसरी पायरी: कोलन आणि त्याचे सोबती

मराठी शीर्षकांत कोलन फार येतो. 'बोरीबंदर ते ठाणे: १८५३ ची पहिली आगगाडी' हे शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलंत तर बिल्ड थांबणार. यॅमलच्या दृष्टीने कोलन आणि त्यापुढची स्पेस मिळून नाव आणि मूल्य वेगळं करतात. एका ओळीत दोनदा ते आलं की त्याला नाव कोणतं तेच कळत नाही, आणि 'मॅपिंग व्हॅल्यूज आर नॉट अलाउड' असा संदेश येतो. उपाय म्हणजे पूर्ण मूल्य अवतरणचिन्हांत घालणं. मी तर गटात नियमच करून टाकलाय: मराठी मूल्य असेल तर ते अवतरणचिन्हांतच. कोलन असो वा नसो.

ही चिन्हं सरळ हवीत. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात बऱ्याचदा वळणदार अवतरणचिन्हं असतात. यॅमल त्यांना साधी अक्षरं मानतं, त्यामुळे कोलन पुन्हा उघडाच पडतो. दिसायला शीर्षक अवतरणात आहे आणि संदेश मात्र तोच, असं झालं की पहिल्यांदा चिन्हाचं वळण पाहा. शीर्षकाच्या आत दुहेरी चिन्हं हवी असतील तर बाहेर एकेरी लावा. उलट तिरपी रेघ असलेला विंडोजचा फाईल-पत्ताही एकेरीत ठेवा, कारण दुहेरीच्या आत त्या रेघेला वेगळा अर्थ मिळतो.

आता खास आपली अडचण, विसर्गाची. मराठी कळफलक चालू असताना कोलनच्या जागी विसर्ग पडतो. दोन्ही टिंबं एकसारखी दिसतात, पण विसर्ग हे अक्षर आहे आणि तो आधीच्या शब्दाला चिकटतो. मधल्या एखाद्या ओळीत असं झालं तर अपेक्षित कोलन सापडला नाही असा संदेश येतो, आणि लिहिणारा पडद्यावर बोट ठेवून म्हणतो, हा काय समोर आहे! अशा वेळी ते चिन्ह पुसा, कळफलक इंग्रजीवर न्या, कोलन टाइप करा आणि पुढे एक स्पेस सोडा. स्पेस विसरलात तरी नाव-मूल्याची जोडी होत नाही.

हॅशचं चिन्ह (#) त्याहून वाईट, कारण ते गुपचूप नुकसान करतं. उघड्या, म्हणजे अवतरणचिन्हांशिवायच्या, मूल्यात स्पेसनंतर हॅश आला की तिथून पुढचं सगळं टिपण समजून सोडून दिलं जातं. 'तलावफेरी #3' चं शीर्षक नुसतं 'तलावफेरी' राहतं आणि कुठलाही संदेश येत नाही. ॲट चिन्हाने सुरू होणारं उघडं मूल्यही चालत नाही. ओळी आत सरकवायला टॅब वापरू नका. यॅमलमध्ये तो निषिद्ध आहे, दोन स्पेस द्या. ऑब्सिडियनमध्ये हेडरात दुसऱ्या टिपणाचा दुवा देताना दुहेरी चौकटी कंसांभोवती अवतरणचिन्हं लावा, नाहीतर ती यादीच्या आतली यादी होते.

संदेशातल्या ओळ क्रमांकावर पूर्ण विसंबू नका. एक ओळ वर, एक ओळ खाली पाहा. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं असेल तर तक्रार कित्येक ओळी खाली उमटते.

चौथी पायरी: तारीख

यॅमलमधली तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची. 2025-08-05 ही तारीख आहे. २०२५-०८-०५ हे यॅमलसाठी नुसतं अक्षरांचं वाक्य आहे, कारण तारखेच्या नियमात फक्त इंग्रजी आकडेच धरलेत. जेकिलमध्ये लेखाच्या फाईलचं नावही तारखेने सुरू होतं, तिथेही हेच. वाचकाला देवनागरी आकडे दाखवायचे असतील, आणि ते दाखवावेत असंच माझं मत आहे, तर ते काम पानाच्या टेम्प्लेटवर, म्हणजे मांडणीच्या साच्यावर, सोपवा. 05/08/2025 असं लिहिलंत तर एखादं टूल ती पाच ऑगस्ट मानेल आणि दुसरं आठ मे.

तारीख बरोबर असूनही लेख गायब असेल तर वेळ पाहा. जेकिल आणि ह्यूगो पुढच्या तारखेचा लेख आपोआप प्रकाशित करत नाहीत. साइट ज्या सर्व्हरवर बिल्ड होते त्याचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे चालतं. सकाळी १० वाजता तुम्ही 10:00:00 एवढंच लिहून लेख चढवला, तर सर्व्हरच्या मते ती वेळ आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला येणार, आणि त्यानंतर पुन्हा बिल्ड झालं तरच लेख दिसणार. वेळेच्या शेवटी +05:30 जोडा, किंवा साइटच्या सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता हा टाइमझोन एकदाच लावून ठेवा. त्यानंतर ड्राफ्टची ओळ 'ट्रू' तर राहिली नाही ना, तेही बघून घ्या.

आकड्यांविषयी आणखी थोडं. आपला एसटीडी कोड 022 उघडा लिहिला तर जुन्या नियमांवर चालणारी टूल सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान (आठच्या पटीतल्या) पद्धतीत वाचतात आणि त्याचे 18 करतात. २००९ च्या यॅमल १.२ प्रमाणे तो 22 होतो. शून्य दोन्हीकडे जातं. सभेची वेळ 10:30 अशी उघडी लिहिली तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं, यॅमल वाचणारं प्रचलित पायॅमल ती साठच्या पटीत मोजून 630 करतं. मोजणी करायची नाही असा प्रत्येक आकडा अवतरणचिन्हांत टाका: फोन, वेळ, पिनकोड, आवृत्ती क्रमांक.

पाचवी पायरी: टॅग

जेकिलमध्ये टॅग्जच्या ओळीत नुसतं नवी मुंबई लिहिलंत तर 'नवी' आणि 'मुंबई' असे दोन टॅग तयार होतात, कारण ते स्पेसवर तोडलं जातं. चौकटी कंसात, प्रत्येक टॅगला अवतरणचिन्हं लावून यादी द्या.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर इंग्रजी मार्गदर्शिकांत काहीच सापडत नाही. आमच्या साइटवर 'पायऱ्या' या टॅगची दोन पानं तयार झाली होती. तलावांच्या घाटांवरचे लेख दोन्हींत विभागले गेले होते आणि नावं तंतोतंत सारखी दिसत होती. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, 'पायऱ्या'. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे जोडणारं एक अदृश्य चिन्ह होतं, 'पायर्‍या'. वाचणाऱ्याला एक शब्द, संगणकाला दोन. ॲ चंही तसंच: २००८ मध्ये युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण संचाच्या ५.१ आवृत्तीत ते स्वतंत्र अक्षर म्हणून आलं, पण अ वर चंद्र देऊन लिहिणारे कळफलक अजून चालू आहेत. असा संशय आला की दोन्ही टॅग शोधपेटीत एकामागून एक चिकटवून पाहा. एका शोधात दुसऱ्याच्या फाईली आल्या नाहीत तर शब्द वेगळे आहेत. मग सगळ्या फाईलींत एकदाच शोधा-आणि-बदला करा, आणि मान्य टॅगांची एक फाईल ठेवा. आता आमच्यात कोणीही टॅग टाइप करत नाही, त्या फाईलमधून उचलून चिकटवतो.

एवढ्याने नाही सुटलं तर

हेडर पूर्ण कापून बाजूला ठेवा. दोन डॅशओळी आणि त्यांच्या मध्ये फक्त शीर्षकाची ओळ, तीही हाताने नव्याने टाइप करून, एवढंच ठेवून बिल्ड करा. चाललं तर जुन्या हेडरातली एकेक ओळ परत आणा आणि प्रत्येक वेळी बिल्ड करा. ज्या ओळीनंतर अडलं तीच दोषी. ती चिकटवू नका, टाइप करा, म्हणजे तिच्यातलं अदृश्य चिन्हही जाईल. फाईली खूप असतील तर यॅमललिंट हे छोटं टूल हेडरातल्या चुका ओळीसकट दाखवतं. त्याला हेडर तेवढा वेगळ्या फाईलमध्ये काढून द्या, कारण खालचा लेख यॅमल नसल्यामुळे त्यावरही ते तक्रार करत बसतं.