दुर्बीण घेण्याआधी पाण्याच्या बाटल्या उचला

आकाशाचे फोटो काढायला सोबत न्यायची म्हणून घेतलेली दुर्बीण जड निघाली की माळ्यावर जाते. माझी पहिली दुर्बीण एसटीने म्हैसमाळच्या डोंगरावर दोनदाच गेली, मग खांद्याने नकार दिला.

आता असं करतो. नळी (म्हणजे दुर्बीणच), माउंट (तिपाईवर बसून दुर्बीण धरणारा, फिरवणारा भाग), तिपाई, कॅमेरा, पॉवरबँक यांची वजनं मांडायची. जितके किलो तितक्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या सॅकमध्ये घालून बसस्टँडपर्यंत चालून यायचं. भर उन्हात गेलात तर उत्तर लवकर मिळतं!

मग फोटोत आकाशाचा किती अंश रुंद तुकडा मावेल ते बघा: कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी (मिमी) × ५७.३ ÷ दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ (मिमी). २३.५ मिमी रुंदीचा एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो) सेन्सर आणि ३६० मिमी नाभीय अंतराची नळी म्हणजे सुमारे ३.७ अंश. देवयानी दीर्घिका साधारण ३ अंशांची, कृत्तिका दोनच्या आसपास. दोन्ही आरामात बसतात. म्हणून ६० मिमी भिंगाची, एफ/६ (नाभीय अंतर भिंगाच्या सहापट, म्हणजे ३६० मिमी), ईडी काचेची (ताऱ्यांभोवतीची रंगीत झालर कमी करणाऱ्या काचेची) नळी सुरुवातीला पुरे.

फील्ड फ्लॅटनरचे (फोटोच्या कडेपर्यंत तारे नीट आणणाऱ्या जोडभिंगाचे) पैसे मात्र आधीच बाजूला काढा, नाहीतर कोपऱ्यातले तारे लांबट येतात. आणि कॅमेऱ्यासकट नळीचं वजन माउंटच्या छापील क्षमतेच्या निम्म्यातच ठेवा. माळावर वारं सुटलं की छापील आकडा कामाचा राहत नाही.