जुनी फेरफार केलेली लष्करी रायफल: किंमत ठरवताना या चुका टाळा

वारशाने आलेली लष्करी रायफल, पुढचं लाकूड कापलेलं, दस्त्यावर चकचकीत वार्निश, एक अंधुक फोटो आणि प्रश्न एकच: "हिचे किती येतील?" माझ्याकडे असे प्रश्न इतके येतात की विचारणाऱ्याने कोणती चूक करून झाली असेल, याचा अंदाज फोटो उघडण्याआधीच येतो.

दोन्ही महायुद्धांनंतर सैन्यांनी जादा झालेल्या रायफली स्वस्तात काढून टाकल्या. माउझर ९८, ली-एनफिल्ड, स्प्रिंगफिल्ड १९०३, मोसिन-नागांत, सगळ्याच. शिकाऱ्यांनी त्या उचलल्या, वजन कमी करायला पुढचं लाकूड कापलं, नळी आखूड केली, दुर्बीण बसवायला रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या मुख्य लोखंडी सांगाड्याला, भोकं पाडून आटे काढले. अशा रायफलीला स्पोर्टर म्हणतात. त्या काळात त्यात काही वावगं नव्हतं. नवी शिकारी रायफल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडायचं. आज तिचा भाव मात्र त्या कापाकापीवरच ठरतो, आणि भाव काढायला बसलेले बहुतेक जण नेमकी तीच सोडून बाकी सगळं बघतात.

सुरुवात करण्याआधी रायफल रिकामी आहे ना ते बघा. मॅगझिन निघत असेल तर काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे घ्या, मॅगझिनच्या जागेत आणि चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. परवान्याचे कागद आणि तुमच्या इथला कायदा विक्रीबद्दल काय म्हणतो, हेही आधीच पाहून घ्या. हे न करता भावाची चौकशी करणाऱ्यांशी मी पुढे बोलत नाही.

अस्सल रायफलीचा भाव आपल्या रायफलीला लावणे

ही सगळ्यात मोठी चूक. मॉडेलचं नाव शोधायचं, जशीच्या तशी राहिलेल्या, सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणाऱ्या रायफलीची सगळ्यात वरची किंमत घ्यायची, आणि वर दुर्बीण, नवा दस्ता, पॉलिशचा खर्च जोडायचा. हे गणित मुळातच उलटं आहे. संग्राहकाला सैन्यातून निघाली तशीच रायफल हवी असते, त्यामुळे त्याच्या लेखी तुमचा प्रत्येक बदल म्हणजे वजाबाकी. नेमबाज किंवा शिकारी तुमच्या रायफलीची तुलना दुकानातल्या नव्या रायफलीशी करतो. आजोबांनी दस्त्यावर किती खर्च केला, याच्याशी दोघांनाही कर्तव्य नसतं.

मी पहिला प्रश्न एकच विचारतो: बदल लाकडात आहे की लोखंडात? लाकूड पुन्हा मिळतं. ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ चं पुढचं लाकूड कापलंय, नळीच्या तोंडाजवळची लोखंडी टोपी गेलीय, पण नळी पूर्ण आहे आणि रिसीव्हर शाबूत आहे, तर ती रायफल पुन्हा उभी करता येते. लोखंड परत येत नाही. नळी कापली, काडतुसांची क्लिप बसवायचा पूल घासून टाकला, रिसीव्हरला भोकं पाडली, की संग्राहकाचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. पी-१४ आणि एम-१९१७ या रायफलींच्या नेम धरायच्या मागच्या साइटला दोन्ही बाजूंनी लोखंडी कान असतात. दुर्बिणीसाठी ते सपाट केलेले असतील तर तीच गत.

नळी मोजायला पट्टी बाहेरून लावू नका. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, तोंडातून लाकडी काडी टेकेपर्यंत आत सोडा, तोंडापाशी खूण करा, काडी बाहेर काढून मोजा. ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ आणि नंबर ४ या दोघींची नळी सुमारे ६४० मिलिमीटर, माउझर ९८-के ची सुमारे ६००, स्प्रिंगफिल्ड १९०३ ची सुमारे ६१०. वीस-पंचवीस मिलिमीटर कमी भरली तर कुणीतरी कापलीय, मग विकणारा काहीही सांगो.

लाकूड मिळतंय म्हणून लगेच सुटे भाग मागवू नका. आधी सगळ्या भागांची बेरीज करा. पुष्कळदा ती बेरीज आणि स्पोर्टरचा भाव मिळून अस्सल रायफलीच्या वर जातात, आणि हाती येते ती तरीही जुळवलेली रायफल. तशीच ती विकायची. अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

नामवंत कारागिराची कथा

"हे काम एका मोठ्या गनस्मिथचं आहे" असं प्रत्येक घरात सांगतात. याला खरे अपवाद आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाउने स्प्रिंगफिल्डवर बांधलेल्या रायफली मूळ लष्करी रायफलीपेक्षाही महाग जातात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने कारखान्यात बदललेल्या रायफलींनाही त्यांचा त्यांचा ग्राहक आहे. पण नळीवर नाव किंवा हातात कागद हवा. दोन्ही नसेल तर ती कथा भावात धरू नका.

किंमत काढण्याआधी "साफ" करणे

यावर मी चिडतो, आणि त्याला कारण आहे.

एका गृहस्थांनी ली-एनफिल्ड नंबर ४ चे फोटो पाठवले होते. पुढचं लाकूड अर्धं कापलेलं, दस्ता गडद रंगवलेला. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला दोन "विचित्र उंचवटे" होते. कुणीतरी वेड्यासारखं लोखंड जोडलंय, असं त्यांचं मत. मी लगेच कळवलं की काही करू नका, दस्त्याच्या मानेचे वरून आणि खालून फोटो पाठवा. ते फोटो आले. खालच्या बाजूला रंगाखाली एस-५१ हा शिक्का, वरच्या बाजूला एक क्रमांक. एस-५१ म्हणजे हॉलंड अँड हॉलंडचा युद्धकाळातला संकेत. नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलींपैकी बहुतेक त्यांनीच तयार केल्या होत्या. वरचा क्रमांक त्या रायफलीला जोडून दिलेल्या दुर्बिणीचा, आणि ते उंचवटे म्हणजे त्या दुर्बिणीचा ब्रॅकेट बसवायचे पॅड.

मात्र तोवर रायफल वर्कशॉपमध्ये जाऊन आली होती. पॅड ग्राइंडरने काढले, भोकं वेल्डिंगने बुजवली, सगळा रिसीव्हर बफ करून नवं ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) केलं. डाव्या बाजूचा स्नायपर रायफलीचा टी हा शिक्का नुसता सावलीसारखा उरला होता. आदल्या आठवड्यापर्यंत फक्त लाकूड गमावलेली ती स्नायपर रायफल होती. परत आली तेव्हा थ्री-नॉट-थ्रीचा एक साधा स्पोर्टर झाली होती, तोही वेल्डिंगची आच लागलेला, म्हणजे तज्ज्ञाने तपासल्याशिवाय झाडू नये असा. काम करणाऱ्याने निगुतीने केलं होतं. घाई मालकाची होती: आधी चमकवू, मग भाव विचारू.

म्हणून भाव कळेपर्यंत कोरडं सुती फडकं आणि तेलाचा हलका हात, एवढंच. एमरी पेपर नाही, तारेचा ब्रश नाही, गंज काढायचं रसायन नाही. पुसट शिक्का वाचायचा तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवा धरा. घासून जे दिसणार नाही ते त्या तिरप्या उजेडात दिसतं. आणखी एक: ली-एनफिल्ड नंबर १ चा दस्ता काढायला मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालू नका. दस्ता आवळून धरणाऱ्या आतल्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता तो फिरवला की ते लाकूड फाटतं.

उरलेल्या चुका, थोडक्यात

क्रमांक फक्त रिसीव्हरवर बघणे. ली-एनफिल्ड असेल तर बोल्टच्या दांड्याच्या मागचा क्रमांकही बघा. जुळत नसेल तर भाव उतरतो, आणि गेजने हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर) तपासल्याशिवाय ती रायफल चालवायची नाही.

नळीवर लिहिलेलं काडतूस खरं मानणे. चेंबर नंतर बदललेला असू शकतो. गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या.

स्प्रिंगफिल्ड १९०३ चा क्रमांक न तपासणे. स्प्रिंगफिल्ड कारखान्याची ८,००,००० च्या खालची आणि रॉक आयलंडची २,८५,५०७ च्या खालची रायफल जुन्या पद्धतीने पोलाद तापवून केलेली आहे. तापमान कारागीर नजरेने ओळखत, आणि त्यामुळे काही रिसीव्हर ठिसूळ निघाले, फुटले. अशी रायफल स्पोर्टर झालेली असेल तर संग्राहकाला नको आणि नेमबाजाने घेऊ नये.

एडिस्टोन कारखान्याच्या एम-१९१७ ची नळी बदललेली असेल तर रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला तडा आहे का, ते भिंगाखाली बघा. मूळ नळ्या फार घट्ट आवळलेल्या असत.

मागितलेली किंमत म्हणजे भाव समजणे. वर्षभर न विकलेल्या रायफलीची पाटी बघून आपला आकडा ठरवू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या रायफली शोधा, लिलावाच्या नोंदी त्यासाठी बऱ्या. त्यातही नळीची लांबी, रिसीव्हरवरची भोकं आणि लाकूड तुमच्या रायफलीसारखं असेल, तेवढ्याच नोंदी तुलनेला घ्या.